चंदीचा हिशेब

नगर जिल्ह्यात एकाच धान्याला दोन नावं आहेत. राहुरी, राहाता, संगमनेर या भागात गोठ्याशेजारच्या वाफ्यांत रब्बीत एक हिरवंगार पीक उभं असतं. लांबून बघणाऱ्याला तो गहू वाटतो, पण पान रुंद असतं आणि ओंबीच्या जागी लोंबत्या दाण्यांचा मोकळा तुरा येतो. शेतकरी त्याला 'ओट' म्हणतो. नगर शहरात सावेडीच्या किराणा दुकानात त्याच धान्याचा चपटा केलेला दाणा खोक्यातून मिळतो, त्याला गिऱ्हाईक 'ओट्स' म्हणतं. हा शेवटचा 'स' जोडला की किंमत वाढते, आणि खाणाराही बदलतो. ओट गाय खाते, ओट्स डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून सांगितलेला माणूस खातो.

गेल्या काही वर्षांत यात तिसरा खाणारा आला आहे, तो म्हणजे पिंजऱ्यातला पांढरा ससा. वाढदिवसाला मुलांनी हट्ट धरावा आणि जोडी घरी यावी, दोन-तीन महिन्यांत पिल्लं व्हावीत, हे आता नगरसारख्या शहरात नवं राहिलेलं नाही. मग पिल्लांना काय घालायचं हा प्रश्न येतो, आणि स्वयंपाकघरात ओट्सचं खोकं असतंच. पिल्लं ते आवडीनं खातात. तीन-चार दिवसांनी एखादं पिल्लू कोपऱ्यात पाठ वाकवून बसतं, पोट फुगतं, शेण पातळ होतं आणि दुसऱ्या सकाळी ते मेलेलं असतं. घरचे म्हणतात, थंडी लागली असेल. बहुतेक वेळा थंडीचा त्यात संबंध नसतो.

ही गोष्ट सशापासून सांगायला घेतली तर ती लहानच राहील. नगरमध्ये ती घोड्यापासून सांगता येते, आणि तशीच ती सांगायला हवी, कारण घोड्याचं आणि सशाचं पोट एकाच तऱ्हेनं चालतं. घोड्याच्या पोटाबद्दल या शहराच्या पंचक्रोशीत तीन-चारशे वर्षं लोकांनी डोकं खपवलेलं आहे.

मराठीत घोड्याच्या धान्याला स्वतंत्र शब्द आहे, चंदी. वैरण म्हणजे गवत-कडबा, चंदी म्हणजे दाणा. 'चंदी-वैरण' हा जोडशब्द मराठ्यांच्या कागदपत्रांत जागोजागी भेटतो. आज आपण 'दुधाचा रतीब' म्हणतो त्यातला रतीब म्हणजेही मुळात रोजचा ठरलेला वाटा. हे शब्द हिशेबाचे आहेत. घोड्याला किती द्यायचं आणि कधी द्यायचं हे ठरलेलं असायला हवं, ही समज त्यांत मुरलेली आहे. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं प्रसिद्ध पत्र आपण रयतेच्या भाजीच्या देठाच्या संदर्भात वाचतो. ते त्या अर्थानं मोठं आहेच, पण मुळात ते चंदी-वैरणीच्या हिशेबाचं पत्र आहे. पावसाळाभर पुरवायचा दाणा आणि गवत आताच मनाला येईल तसं खर्चलं तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग लोक रयतेला उपद्रव देतील, असा त्याचा ओघ आहे. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून उंदरानं पळवलेल्या वातीपर्यंतचा विचार त्यात आहे. राज्य घोड्यावर चालतं आणि घोडा पोटावर, हे ज्यांना कळत होतं त्यांनी लिहिलेलं ते पत्र आहे.

दख्खनच्या घोड्याची चंदी म्हणजे मुख्यतः हरभरा. दक्षिणेकडे गेलं की कुळीथ, तोही शिजवून. इंग्रजांनी कुळथाचं नावच 'हॉर्स ग्रॅम' ठेवलं, आणि हरभऱ्याला ते नुसतं 'ग्रॅम' म्हणत, हा शब्द पोर्तुगीजांच्या 'दाणा' या अर्थाच्या शब्दावरून आलेला. सोबत ज्वारी-बाजरीचा कडबा आणि हरळी. ही हरळी कापून आणत नसत, ती मुळासकट खरवडून काढायची, माती झटकायची, धुवायची आणि मग घोड्यापुढे टाकायची. पुढे इंग्रजी रिसाल्यांतही घोड्यामागे मोतद्दाराबरोबर गवत खणून आणणारा माणूस असे, तो याचसाठी. दिवसभर उन्हात बसून खुरप्यानं हरळी खरवडणाऱ्या या माणसांची नावं कुठल्याही पलटणीच्या इतिहासात नाहीत. घोडे मात्र त्यांच्या जिवावर जगत होते. दाणा हा जोर येण्यासाठी, पोट भरायला गवतच लागतं.

ओट या चित्रात नव्हता. तो थंड, ओलसर हवेचा गडी. युरोपात तो घोड्याचं धान्य म्हणून रूढ होता. डॉ. जॉन्सननं १७५५ च्या आपल्या कोशात ओटची व्याख्या देताना इंग्लंडात घोडे जे खातात ते स्कॉटलंडात माणसं खातात अशी थट्टा केली, ती सर्वश्रुत आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातल्या घोड्याचा रोजचा शिधा साधारण साडेपाच किलो ओट आणि साडेचार किलो वाळलं गवत असा होता. असा घोडेस्वार जेव्हा दख्खनच्या पठारावर आला तेव्हा त्याला ओट मिळणार कुठून? १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीनं आधी नगरची पेठ आणि चार दिवसांनी किल्ला घेतला आणि मग नगरला आपल्या फौजेचं रसदीचं ठाणं केलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी दख्खनमध्ये दुष्काळ होता. त्याच्या फौजेचे घोडे इथल्याच हरभऱ्यावर आणि गवतावर अवलंबून होते, बैलांच्या पाठीवरून दाणा कसा आणायचा ही त्याची तोफांइतकीच मोठी चिंता होती.

हिंदुस्थानात ओट मोठ्या प्रमाणावर लावण्याचा पहिला ठळक प्रयत्न बिहारात पुसा इथे झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा घोड्यांच्या पैदाशीचा तळ तिथे होता, आणि १८०८ मध्ये त्याची सूत्रं विल्यम मूरक्रॉफ्टकडे आली. हा माणूस शिकलेला पशुवैद्य. फ्रान्समध्ये लिओं इथे जाऊन ही विद्या शिकलेला पहिला इंग्रज. घोडी नुसती चांगली आणून चालत नाही, त्यांना खायला काय घालतो यावर पैदास ठरते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यानं पुशात ओटची शेती धरली. पुढे चांगल्या घोड्यांच्या शोधात तो लडाखमार्गे बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये मेला. पुशाची तीच जागा पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शेती संशोधन संस्थेची झाली. मूरक्रॉफ्टनंतर ओट उत्तर हिंदुस्थानात रुजला, पण बराच काळ तो छावणीचं पीक राहिला. जिथे गोऱ्यांचे घोडे तिथे ओटची शेती.

आपल्याकडे भीमथडीची तट्टं होती. भीमेच्या खोऱ्यातली, बुटकी, काटक, थोड्या चाऱ्यावर लांब पल्ला मारणारी. नगरच्या हद्दीला घोडनदी ओलांडली की शिरूर, तिथे १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या रिसाल्याचं ठाणं होतं. या रिसाल्यांची पद्धत शिलेदारी, म्हणजे घोडा स्वाराचा, चंदीही त्याची. सरकार पगार देणार, त्यातून स्वारानं घोडा पोसायचा. दुष्काळ पडला, हरभरा महागला की भार थेट शिलेदाराच्या घरावर. १८७६-७७ चा दुष्काळ नगर-सोलापूरकडे किती भीषण होता हे आपण माणसांच्या आकड्यांतून वाचतो. ज्याच्या दारात घोडा होता त्याच्यासमोर दाणा घोड्याला की पोरांना, असा पेच होता. ही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धानंतर मोडली. युद्धानं ती टिकणं शक्यच ठेवलं नव्हतं.

तोवर लष्कराचे घोडे मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येऊ लागले होते. न्यू साउथ वेल्समधले म्हणून त्यांना 'वेलर' म्हणत. नगरला रिमाउंट डेपो होता. रिमाउंट म्हणजे पलटणीला लागणारे बदली घोडे. जहाजातून उतरलेले घोडे अशा डेपोत ठेवायचे, इथल्या हवेला आणि चाऱ्याला सरावू द्यायचे, शिकवायचे आणि मग रिसाल्यांना वाटायचे. यात 'चाऱ्याला सरावू द्यायचे' हे वाक्य वाटतं तितकं किरकोळ नाही. घोड्याचं खाणं एकदम बदललं की तो पोटशूळानं लोळतो आणि मरतो. म्हणून सगळ्या लष्करी पुस्तकांत तेच तेच नियम सापडतात. आधी पाणी मग दाणा. दाणा थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. नवा चारा हळूहळू वाढवायचा. वैरण कधीही कमी पडू द्यायची नाही. आपल्या मोतद्दारांना हे पुस्तकाशिवाय येत होतं.

याचं कारण घोड्याच्या आतड्यात आहे. गाय चारा आधी आंबवते आणि मग पचवते. तिच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे आंबवणाचा रांजणच. घोड्याचं उलट आहे. जठर लहान, आणि आंबवण्याची पिशवी मागे, लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथे. तिला सीकम म्हणतात. या पिशवीतले जिवाणू तंतूंवर, म्हणजे गवतावर जगतात. दाण्यातला स्टार्च लहान आतड्यातच पचून जायला हवा. एकदम जास्त दाणा घातला तर न पचलेला स्टार्च मागच्या पिशवीत पोचतो, तिथे भलतेच जिवाणू माजतात, वायू धरतो, आम्लता वाढते. घोड्याच्या बाबतीत त्याचा शेवट पोटशूळात नाहीतर पाय धरण्यात होतो.

ससा हा या बाबतीत दोन किलोचा घोडा आहे. जठर एक, साधं. मागे भलीमोठी सीकम. फरक एवढाच की ससा तिथे तयार झालेला मऊ, चकचकीत मालाचा घोस पहाटे थेट गुदद्वारापाशी तोंड लावून पुन्हा खातो, आणि त्यातून जीवनसत्त्वं व प्रथिनं मिळवतो. पाळणाऱ्यांना ते किळसवाणं वाटतं, पण ते अडवलं तर ससा खंगतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात फक्त गवत चघळल्यानं. मऊ ओट्सनं नाही, भिजवलेल्या हरभऱ्यानंही नाही. आपल्याकडे सशाला भिजवलेले हरभरे घालायची पद्धत आहे, ती बहुधा घोड्याच्या चंदीचीच आठवण असावी. फक्त घोड्याला हरभरा देणाऱ्याकडे मोतद्दार होता आणि तो घोडा दिवसाला मैलोन्‌मैल चालत होता. पिंजऱ्यातला ससा कुठे चालतो?

पिल्लांचं तर याहून नाजूक. सशाचं पिल्लू जन्मतं उघडं-नागडं आणि आंधळं, डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा, काही मिनिटं पाजते, म्हणून 'आई पिल्लांकडे बघतच नाही' अशी तक्रार घरोघरी होते. पिल्लं तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास चारा कुरतडू लागतात. मोठ्या सशाच्या जठरात कडक आम्ल असतं, त्यात बहुतेक जंतू मरतात. दूधपित्या पिल्लाच्या जठरातलं आम्ल सौम्य असतं, त्याला दुधातल्या स्निग्ध घटकांचं संरक्षण असतं. दूध तुटलं की ते संरक्षण जातं आणि कडक आम्ल अजून आलेलं नसतं. चार ते आठ आठवड्यांमधला हा काळ सर्वांत धोक्याचा. नेमक्या याच दिवसांत स्टार्चचा मारा झाला तर सीकममध्ये विष तयार करणारे जिवाणू फोफावतात आणि पिल्लू एका रात्रीत जातं. थंडी लागली असेल असं आपण म्हणतो ते हे मरण.

म्हणजे ओट वाईट का? नाही. युरोपात ससे पाळणारे पिढ्यान्‌पिढ्या पाजणाऱ्या मादीला, खंगलेल्या सशाला चमचाभर ओट देत आले आहेत. पण तो अख्खा दाणा, टरफलासकट. ओटच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा टरफल असतं, बहुतेक तंतू त्यात. खोक्यातल्या ओट्सचं टरफल काढलेलं असतं, दाणा वाफवून चपटा केलेला असतो. माणसाला पचायला सोपा व्हावा म्हणून जे केलं तेच सशाला घातक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सरकारनं घरोघरी ससे पाळायला उत्तेजन दिलं, तेव्हा ससेपालकांच्या मंडळांना पैदाशीच्या माद्यांसाठी शिधा मिळे तो कोंड्याचा. बाकी लोकांनी रस्त्याकडेचं गवत आणि भाज्यांची पानं घालायची. टंचाईनं लावलेली ही शिस्त सशांना बरीच मानवणारी होती.

आपल्याकडे हा पांढरा ससा आला तो बंदुकीच्या नाही, सुईच्या वाटेनं. पाश्चरनं १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस सशाच्या मज्जारज्जूतून काढली. हाफकिननं मुंबईत प्लेगची लस आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. प्रयोगशाळेपाठोपाठ ससा मांसासाठी आणि लोकरीसाठी आला. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला अशा जाती आणल्या, त्यांचीच मिश्र संतती आज पेट शॉपमध्ये दिसते. आपल्या रानातला ससा वेगळा. तो बीळ करत नाही, त्याचं पिल्लू केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतं. मराठीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे ऊसतोडीच्या वेळी फडात सापडलेलं रानसशाचं पिल्लू लोक 'ससाच तर आहे' म्हणून घरी आणतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळता येत नाही, आणि पाळलं तरी बहुधा जगत नाही. ते होतं तिथेच ठेवावं, आई संध्याकाळी येते.

आता पुन्हा नगर. १९३८ पासून हिंदी रिसाल्यांचे घोडे काढून त्यांना गाड्या आणि रणगाडे द्यायला सुरुवात झाली. नगर हे रणगाड्यांच्या शिक्षणाचं गाव झालं. १९४८ पासून इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. सहली तिथे येतात, मुलं रणगाड्यांपुढे फोटो काढतात. रिसाल्यांची जुनी नावं मात्र तशीच आहेत. पूना हॉर्स आज रणगाड्यांची पलटण आहे. घोडा नावात उरला, आणि चंदीला डिझेल लागलं.

घोड्यांसाठी या देशात रुजलेला ओट मग गाईसाठी नगरमध्ये आला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आणि राहुरीला वसलेल्या कृषी विद्यापीठात, म्हणजे आजच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, चारा पिकांवर मोठं काम झालं. लसूणघासाचा आरएल-८८ हा वाण तिथला. नगर-नाशिककडे नुसतं 'घास' म्हटलं की लसूणघासच समजायचा, इतका तो घरचा झाला. विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी गाय तयार केली. अशी गाय कडब्यावर दूध देत नाही, तिला हिवाळ्यात रसरशीत हिरवा चारा हवा. परदेशातून आलेला केंट हा ओटचा वाण देशभर पसरला होताच, राहुरीनं फुले हरिता आणि फुले सुरभी हे आपले वाण दिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचं, साधारण पन्नास दिवसांनी जमिनीपासून चार बोटं सोडून पहिली कापणी, मग फूट येऊ द्यायची आणि महिना-सव्वा महिन्यानं दुसरी. प्रवरेच्या आणि मुळेच्या पाण्यावर हे जमतं. पारनेर-जामखेडच्या कोरड्या टापूत नाही जमत, आणि तिथल्या गोठ्याला चारा छावणी काय असते ते चांगलं माहीत आहे. इंग्रज घोडेवाल्याला हवा होता दाणा. राहुरीच्या शेतकऱ्याला हवं आहे पान. दाणा भरायच्या आत तो पीक कापतो.

सशाला या वनस्पतीतलं जे मानवतं ते नेमकं हेच, पान आणि काडी. सावेडीतल्या घरात खोक्यातले ओट्स वाटीत घातले जातात, आणि तिथून पस्तीसेक किलोमीटरवर राहुरीच्या वाफ्यात सशाचं खरं खाणं गाईपुढे पडत असतं. दाणा भरण्याआधी कापून सावलीत वाळवलेला ओट सशापुढे रात्रंदिवस ठेवता येतो. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि पाजणाऱ्या मादीला चालतो, पण त्यात कॅल्शियम फार. सशाचं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जातं, आणि मोठ्या सशाला रोज घास घातला तर मूत्राशयात गाळ साचतो. हरळी मात्र सगळ्यांना चालते. घोड्यांसाठी खरवडायचे तीच हरळी अजूनही नगरच्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर फुकट उगवते. कीटकनाशक मारलेली नको, गाड्यांच्या धुरातली नको, एवढं बघितलं की झालं.

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी कुंडीत ओट लावावा. मूठभर बी पसरलं की आठ-दहा दिवसांत वीतभर हिरवळ येते, ती कापून थोडी थोडी द्यायची, पहिल्या दिवशी दोन काड्या, आठवड्यानं चिमूटभर, मोतद्दार नव्या घोड्याला देत तसं. फक्त पेरणीच्या पिशवीतलं बी घेताना रंग बघावा. गुलाबी किंवा लालसर दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते जमिनीत पेरायला ठीक. सशाच्या वाटीत त्यातला एक दाणाही जाऊ देऊ नये, आणि कुंडीसाठी न चोळलेलं बी मागून घ्यावं.